इतानोसची पुळण

क्रीट बेटाच्या अगदीं ईशान्य टोंकाला जमिनीची एक अरुंद जीभ समुद्रांत शिरलेली आहे. तिला सिदेरो भूशिर म्हणतात. या जिभेच्या मुळाशीं, पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून, दोन बुटक्या टेकड्यांच्या आश्रयानें दोनतीन लहान पुळणी पसरल्या आहेत. सितिया शहराकडून येणारे बहुतेक प्रवासी तेथपर्यंत पोंचतच नाहींत. सुमारें दोन किलोमीटर अलीकडे खजुरीचें एक प्रसिद्ध बन लागतें. तेथें ते मोटारी उभ्या करतात, समुद्रांत डुंबतात आणि माघारे फिरतात. त्या बनाचें नांव वाइ. तें ऐकून मराठी माणसाला कृष्णाकांठच्या वाईची आठवण झाली तर नवल नाहीं. परंतु दोहोंचा कांहीं संबंध नाहीं. ग्रीक भाषेंत वाइ म्हणजे खजुरीची झांवळी, एवढाच त्याचा अर्थ. बन ओलांडून जे थोडे लोक पुढें जातात त्यांना उजाड टेकड्या, कांटेरी झुडुपें, अस्ताव्यस्त पडलेले दगडी खांब आणि अखंड वारा एवढेंच भेटतें. आसपासचे लोक या जागेला एरिमूपोली म्हणतात. एरिमूपोली म्हणजे ओसाड नगरी. ओसाड होण्यापूर्वीं तिला दुसरें नांव होतें, तें इतानोस. आणि त्या नांवाशीं निगडित असलेली एका कोळ्याची हकीकत जवळजवळ अडीच हजार वर्षें टिकून राहिली आहे.

त्या कोळ्याकडे वळण्यापूर्वीं वाऱ्याची ओळख करून घेतली पाहिजे, कारण या किनाऱ्यावर जें जें घडलें त्यांत वाऱ्याचा हात आहे. ग्रीसच्या समुद्रांत उन्हाळ्याच्या महिन्यांत, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्यें, उत्तरेकडून जोराचा वारा सुटतो. प्राचीन ग्रीक त्याला एतेसिआइ म्हणत. एतोस म्हणजे वर्ष, म्हणून एतेसिआइ म्हणजे दरवर्षीं ठराविक वेळीं येणारे वारे. आज त्यांनाच मेल्तेमी म्हणतात. आपल्या पावसाळी वाऱ्याचें मोसमी हें नांवहि अशाच एका ऋतुवाचक अरबी शब्दावरून आलेलें आहे. साम्य एवढ्यावरच थांबत नाहीं. उन्हाळ्यांत दक्षिण आशिया तापून तेथें हवेच्या कमी दाबाचा जो विस्तीर्ण पट्टा तयार होतो तो इराणवरून थेट आशिया मायनरपर्यंत पोंचतो. त्याच्या एका टोंकाकडे आपला नैर्ऋत्य वारा ओढला जातो आणि दुसऱ्या टोंकाकडे बाल्कन प्रदेशांतील जड हवा. तीच ईजियन समुद्रावरून मेल्तेमी होऊन वाहते. फरक इतकाच, कीं आपला वारा ढग घेऊन येतो आणि हा येतो तेव्हां आकाश निरभ्र असतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस नांवाच्या ग्रीक ग्रंथांत आपल्या सोपाऱ्याचें व कल्याणचें नांव आलेलें आहे. त्याच ग्रंथांत अशीहि नोंद आहे कीं, ग्रीकांकडे एतेसिआइ वाहण्याच्या सुमारास हिंदी समुद्रांत नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो. दोन्ही वाऱ्यांचा हंगाम एकच, ही गोष्ट त्या जुन्या दर्यावर्द्याच्याहि ध्यानांत आली होती.

सिदेरो भूशिराला या वाऱ्याचा तडाखा फार बसतो. हें टोंक ओलांडतांना गलबतें कशीं जेरीस येत याचा दाखला ख्रिस्ती धर्मग्रंथांतहि आहे. इ. स. ६० च्या सुमारास संत पॉलला कैदी म्हणून रोमकडे नेत असतां वाऱ्यामुळें त्याचें जहाज क्निदसच्या पुढें सरकेना. तेव्हां तें दक्षिणेकडे वळवून, साल्मोने भूशिराजवळून, क्रीटच्या आडोशाला नेण्यांत आलें. साल्मोने म्हणजे हाच क्रीटचा ईशान्य कोपरा होय.

अशा जागीं नगर वसलें तरी कशासाठीं? भोंवतालीं सुपीक जमीन थोडी, रान खडकाळ. एक कारण असें, कीं पूर्वेकडून ईजियन समुद्रांत शिरणाऱ्या जहाजांना वारा पडेपर्यंत थांबण्यास हा किनारा सोईचा होता. दुसरें कारण समुद्राच्या तळाशीं होतें. भूमध्य समुद्रांत म्यूरेक्स जातीच्या शंखांत राहणारा एक मांसाहारी जीव सांपडतो. त्याच्या अंगांतील एका ग्रंथींतून जो स्राव निघतो त्याला प्रथम रंग नसतो; ऊन व हवा लागली कीं तो पिवळा, हिरवा, निळा असे रंग पालटीत अखेरीस जांभळा होतो, आणि तो जांभळा मग धुतल्यानें जात नाहीं. राजेलोकांच्या व धनिकांच्या वस्त्रांचा जो प्रसिद्ध जांभळा रंग, तो हाच. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें त्याची कृति सांगितली आहे. टोपल्यांत आमिष घालून शंख धरावयाचे. मोठ्या शंखांतील ग्रंथि काढून घ्यावयाची, लहान शंख कवचासकट ठेंचावयाचे. तो गोळा तीन दिवस मिठांत मुरवावयाचा, आणि मग कित्येक दिवस मंद आंचेवर शिजवावयाचा. याची दुर्गंधि भयंकर असे. १९०९ सालीं फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानें बारा हजार शंखांतून हा रंग काढून पाहिला, तेव्हां त्याच्या हातीं अवघा १·४ ग्रॅम रंग लागला. पृथक्करणांत असें आढळलें कीं, हा रंग म्हणजे आपल्या नीळीचाच सख्खा भाऊबंद. नीळीच्या अणुरचनेंत ब्रोमीनचे दोन परमाणु तेवढे अधिक. नीळ शेतांत पिकते आणि हा रंग कोळ्याला समुद्रांतून काढावा लागे, एवढ्यानें दोहोंच्या किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर पडलें.

या धंद्याचा शोध फिनिशियन लोकांनीं लावला असें पुष्कळ दिवस समजत. इतानोसचा पाया त्यांनींच घातला अशीहि एक दंतकथा होती; फिनिक्स नांवाच्या पुरुषाचा मुलगा इतानोस, त्याच्यावरून नगराचें नांव पडलें, असें एका जुन्या कोशकारानें नमूद केलें आहे. गंमत अशी, कीं ग्रीक भाषेंत फिनिक्स या एकाच शब्दाचा अर्थ फिनिशियन माणूस, तांबडा-जांभळा रंग आणि खजुरीचें झाड असा तिहेरी होतो. आणि या किनाऱ्यावर तिन्ही एकत्र आलेलीं दिसतात. परंतु दंतकथेवर फार भार टाकतां येत नाहीं. १९०३ सालीं बोझांके नांवाच्या इंग्रज संशोधकाला क्रीटच्या आग्नेयेस असलेल्या कूफोनिसी या ओसाड बेटावर ठेंचलेल्या शंखांचा एक थरच सांपडला, आणि त्या थरांत मिनोअन काळचीं, ख्रिस्तापूर्वीं सोळाशें वर्षांहूनहि जुनीं, खापरें होतीं. फिनिशियन व्यापाऱ्यांची कीर्ति होण्याच्या कितीतरी आधीं क्रीटचे कोळी हा रंग काढीत होते, असा याचा अर्थ होतो.

अशा कोळ्यांपैकीं एकाचें नांव हिरोडोटसनें आपल्या इतिहासाच्या चौथ्या भागांत लिहून ठेवलें. त्याचें नांव कोरोबिओस. तो इतानोसचा राहणारा होता.

हकीकत सुरू होते ती दुसऱ्या एका बेटावर. आज ज्याला सांतोरिनी म्हणतात त्या थेरा बेटाचा राजा ग्रिन्नोस देल्फी येथें देवाचा कौल घेण्यास गेला होता. प्रश्न भलत्याच गोष्टीचा होता. कौल मिळाला तो असा, कीं लिबियांत जाऊन नगर वसवावें. राजा म्हणाला, मी आतां म्हातारा झालों. हें काम या तरुणांपैकीं कोणाला सांगावें. आणि त्यानें बात्तोस नांवाच्या तरुणाकडे बोट दाखविलें. मंडळी घरीं परतली आणि कौल विसरून गेली. लिबिया कोणत्या दिशेला आहे हेंच कोणास ठाऊक नव्हतें, मग नगर वसवावें कोठें? त्यानंतर सात वर्षें थेरावर पाऊस पडला नाहीं. बेटावरचीं सगळीं झाडें वाळून गेलीं. एकच काय तें उरलें. पुन्हां देल्फीस माणसें गेलीं. देवानें जुनाच कौल पुन्हां दिला.

तेव्हां थेराच्या लोकांनीं क्रीटमध्यें माणसें पाठविलीं, आणि लिबियाला जाऊन आलेला कोणी भेटतो काय, म्हणून तीं गांवोगांव विचारीत फिरूं लागलीं. फिरतां फिरतां तीं इतानोसला आलीं. तेथें हा शंख काढणारा कोरोबिओस त्यांना भेटला. एकदां वाऱ्यानें आपली नाव भरकटत लिबियाकडे गेली होती आणि आपण प्लातेआ नांवाच्या बेटाला लागलों होतों, असें त्यानें सांगितलें. प्लातेआ म्हणजे आजच्या लिबियांतील बोंबा आखातांतलें बेट, असें सामान्यतः मानतात; इतानोसपासून तें चारशें किलोमीटरांच्या आसपास, नैर्ऋत्येस आहे. उत्तरेच्या वाऱ्याच्या तावडींत सांपडलेली लहान नाव तिकडे लोटली जावी हें संभवनीय आहे. कोणत्याहि राजाच्या दप्तरीं नसलेली माहिती एका कोळ्याला अशी अपघातानें मिळाली होती.

थेराच्या लोकांनीं मजुरी ठरवून त्याला बरोबर घेतलें. प्रथम थोडींच माणसें पाहणीसाठीं निघालीं. कोरोबिओसनें त्यांना प्लातेआ दाखविलें. तेव्हां त्यांनीं ठराविक महिने पुरेल इतकी शिधासामग्री देऊन त्याला त्या बेटावरच ठेवलें, आणि आपण ही वार्ता सांगण्यासाठीं घाईघाईनें थेराकडे परत गेलीं.

ठरलेली मुदत उलटून गेली. कोणी आलें नाहीं. कोरोबिओसजवळचें धान्य संपलें. चोहोंकडे समुद्र, पलीकडे अनोळखी किनारा, आणि ज्या कामासाठीं आणलें तें काम तर होऊन गेलेलें. वाटाड्याची गरज वाट सांपडेपर्यंतच असते. थेराचीं माणसें त्याला विसरलीं होतीं, कीं गांवांत वाद माजून त्यांचा पाय निघत नव्हता, हें हिरोडोटस सांगत नाहीं. अन्न संपलेल्या माणसाला कारणाशीं कर्तव्य नसतें.

इतक्यांत सामोस बेटाचें एक व्यापारी जहाज ईजिप्तकडे जात असतां वाट चुकून प्लातेआला लागलें. त्याचा नाखवा कोलाइओस. या लोकांनीं कोरोबिओसच्या तोंडून सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एक वर्ष पुरेल इतकें धान्य त्याच्यापाशीं ठेवलें. परक्या गांवचा, परक्या कामावर आलेला, ज्याच्यापासून कांहीं मिळावयाचें नाहीं असा तो माणूस. त्याला जहाजावर घेऊन कां गेले नाहींत, अशी शंका येते. कदाचित् करार मोडून बेट सोडण्यास तोच तयार नसेल. सामोसचें जहाज मग ईजिप्तच्या ओढीनें निघालें. परंतु पूर्वेचा वारा असा लागला कीं तो थांबेचना. त्यानें त्यांना जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीबाहेर, स्पेनमधील तार्तेस्सोस बंदरापर्यंत नेऊन सोडलें. त्या बंदरांत तोंवर ग्रीक व्यापारी गेलेले नव्हते. मालाला अशी किंमत आली कीं, नफ्याचा दहावा हिस्सा म्हणून सामोसच्या या लोकांनीं सहा टॅलेंट बाजूला काढले आणि त्यांतून हेरा देवीला एक प्रचंड कांस्यपात्र वाहिलें.

थेराची मंडळी अखेर आलीं. सात वर्षांच्या अवर्षणानें गांजलेल्या त्या बेटानें भावाभावांत चिठ्ठ्या टाकून माणसें निवडलीं होतीं. किरीनी नगरांत सांपडलेल्या इ. स. पू. चौथ्या शतकांतील एका शिलालेखांत या निर्णयाचा मजकूर दिलेला आहे. नेमलेला मनुष्य जाण्यास नकार देईल तर त्याला देहांत शासन, अशी त्यांत शर्त आहे. पांच वर्षांत जम बसला नाहीं तर परत येण्याची सवलत मात्र त्या लेखांत लिहिली आहे. हिरोडोटसनें ऐकलेली गोष्ट याहून कठोर आहे. तिच्याप्रमाणें, कंटाळून माघारी आलेल्या या लोकांवर थेराच्या किनाऱ्यावरून त्यांच्याच भाऊबंदांनीं मारा केला आणि त्यांना उतरूं दिलें नाहीं. दोहोंतील खरें कोणतें हें ठरविणें कठीण. पण दुष्काळांतल्या माणसांचें वागणें पाहतां हिरोडोटसची गोष्ट अशक्य वाटत नाहीं. पुढें दोन वर्षें प्लातेआवर, मग समोरच्या किनाऱ्यावर, आणि शेवटीं इ. स. पू. ६३१ च्या सुमारास आंत डोंगरावर किरीनी नगर वसलें. तें आफ्रिकेंतील ग्रीकांचें एक वैभवशाली नगर झालें. बात्तोस त्याचा पहिला राजा.

कोरोबिओसचें काय झालें? हिरोडोटस त्याचें नांव पुन्हां घेत नाहीं. प्लातेआवर जम बसेना तेव्हां वसाहतवाले एकाला मागें ठेवून सगळे देल्फीला गेले, असें एक वाक्य पुढें आहे. तो एक आपल्यापैकींच होता असें त्यांत म्हटलें आहे, तेव्हां तो थेराचाच असावा; तरीहि वाचकाच्या डोळ्यांपुढें इतानोसचा कोळीच उभा राहतो. किरीनीच्या लोकांनीं आपल्या नगराची जी कथा हिरोडोटसला सांगितली ती बात्तोसची. शिलालेखांतहि देव आहे, बात्तोस आहे, कोरोबिओस नाहीं. त्याची आठवण ठेवली ती थेराकरांनीं. आणि एक गोष्ट हिरोडोटस आवर्जून सांगतो: किरीनी, थेरा आणि सामोस या तीन नगरांचा जो दृढ स्नेह पुढें चालला, त्याची सुरुवात त्या बेटावर दिलेल्या वर्षभराच्या धान्यापासून झाली.

कोरोबिओस हा माणूस नव्हताच, तो एखादा जुना समुद्रदेव असावा, अशी कल्पना कांहीं पंडितांनीं मांडली आहे. इतानोसच्या जुन्या नाण्यांवर हातांत त्रिशूळ घेतलेला, कमरेखालीं माशाच्या शेपटीचा एक देव आहे, त्याचा आधार या कल्पनेला मिळतो. परंतु मजुरीवर येणारा आणि उपाशी राहणारा देव कल्पिण्याची गरज काय? वाऱ्यानें नेलेला कोळी ही गोष्ट त्या किनाऱ्यावर रोजची होती.

इतानोस नगर त्यानंतर पुष्कळ शतकें नांदलें. इ. स. पू. तिसऱ्या शतकांतील त्याच्या नागरिकांची एक शपथ दगडावर कोरलेली मिळाली आहे. नगर, त्याचा मुलूख व त्याचीं बेटें शत्रूच्या हातीं देणार नाहीं; जमिनीची व घरांची फेरवांटणी होऊं देणार नाहीं; कर्जें बुडवूं देणार नाहीं, असें त्यांत आहे. शपथ घ्यावी लागली, त्याअर्थीं फेरवांटणी मागणारे व कर्जांत बुडालेले लोक नगरांत होते, हें उघड आहे. त्याच शतकांत ईजिप्तच्या टॉलेमी राजांनीं येथें आपलें लष्करी ठाणें बसविलें. इ. स. पू. १४५ मध्यें सहावा टॉलेमी वारल्यावर तें ठाणें उठलें आणि लहानग्या इतानोसच्या मागें शेजाऱ्यांची भुणभुण लागली. दक्षिण किनाऱ्यावरील हिएरापित्ना नगरानें, म्हणजे आजच्या इएरापेत्रानें, दोन वस्तूंवर हक्क सांगितला: दिक्ते पर्वताच्या झ्यूसदेवाच्या मंदिराजवळची जमीन आणि ल्यूके बेट. ल्यूके म्हणजेच शंखांच्या राशी सांपडलेलें कूफोनिसी. भांडण ओसाड बेटासाठीं नव्हतें, जांभळ्या रंगासाठीं होतें, असें मानण्यास जागा आहे.

हा तंटा रोमच्या सेनेटपुढें गेला. सेनेटनें तो आशिया मायनरमधील माग्नेसिया नगराकडे लवादासाठीं सोंपविला. निकाल इ. स. पू. ११२ च्या सुमाराचा आहे आणि तो इतानोसच्या बाजूनें लागला. पंचांनीं जुने हद्दनामे पाहिले, टॉलेमी राजांचीं पत्रें पाहिलीं, इतकेंच नव्हे, तर इतिहासकारांची व कवींचीहि साक्ष काढली. देवाच्या जमिनींत कोणी गुरें चारूं नयेत, पेरणी करूं नये, झाडें तोडूं नयेत, असा जुना निर्बंध होता, त्याचाहि निकालांत उल्लेख आहे. या निकालाची एक शिला इतानोसजवळच्या तोप्लू मठांत आहे. १८३४ सालीं रॉबर्ट पॅश्ली हा इंग्रज प्रवासी तेथें आला तेव्हां ती एका थडग्यावर बसविलेली होती; त्याच्या सूचनेवरून ती मठाच्या चर्चच्या दर्शनी भिंतींत लावण्यांत आली आणि वांचली.

नगर मात्र वांचलें नाहीं. रोमन अमलांत भरभराट झाली, ख्रिस्ती काळांत मोठीं प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं, आणि मग भूकंप व अरबांचे हल्ले यांनीं वस्ती उठली. मागाहून कांहीं लोक येऊन राहिले होते. त्यांनाहि पंधराव्या शतकांत चांच्यांनीं हुसकून लावलें. तोप्लू मठाचें नांवहि त्याच भयाची खूण आहे: तुर्की भाषेंत तोप म्हणजे आपली तोफच, आणि मठांत चांच्यांसाठीं तोफ ठेवलेली असे. १९५० मध्यें फ्रेंच संशोधकांनीं येथें उत्खनन केलें. १९९४ पासून तें काम पुन्हां हातीं घेण्यांत आलें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या भूशिरावरील मठाच्या जमिनीसंबंधीं नवा तंटा निघाला. एका परदेशी कंपनीनें ती दीर्घ मुदतीनें घेऊन तेथें हॉटेलें व गोल्फचीं मैदानें करण्याचा बेत केला. पाण्याचें दुर्भिक्ष, पक्ष्यांची वस्ती व प्राचीन अवशेष यांकडे बोट दाखवून विरोधक न्यायालयांत गेले. परवानगी मिळाली, न्यायालयानें ती रद्द केली, २०१६ सालीं नवा हुकूम निघाला. वीस वर्षांहून अधिक काळ हें चाललें. निकालाची जुनी शिला ज्या मठाच्या भिंतींत आहे, त्याच मठाच्या जमिनीवरून.

पुळणीवर उन्हाळ्यांत दुपारनंतर उभें राहणें कठीण होतें. वाळू अंगाला टोंचते, छत्री टिकत नाहीं, आणि पोहण्यास आलेले लोक हळूहळू वाइच्या बनाकडे निघून जातात. टेकडीवरून पाहिलें तर पाण्यावर पांढऱ्या लाटांच्या रांगा दक्षिणेकडे धांवतांना दिसतात, लिबियाच्या दिशेनें.